फोन वाजला पाहिजे, एवढेच

सन २००७ च्या उन्हाळ्यात उत्तर प्रदेश विधानसभेची निवडणूक सात टप्प्यांत झाली. निवडणूक निरीक्षक म्हणून माझी नेमणूक पूर्वांचलातील एका जिल्ह्यात होती. मतदान आटोपल्यावर एक दिवस मोकळा मिळाला तेव्हा वाराणसी गाठली. पुण्याच्या एका सहकाऱ्याने भाजणी आणि मेतकुटाची पुडकी देऊन ठेवली होती. दुर्गाघाटाजवळच्या एका गल्लीत त्याची मावशी राहत असे, तिला ती पोहोचवायची होती.

ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा हा काशीचा जुना मराठी भाग. गागाभट्टांपासून 'आज' या हिंदी दैनिकाचे संपादक बाबुराव विष्णु पराडकरांपर्यंत काशीने मराठी माणसाला आपले मानले आणि मराठी माणसाने काशीला. मावशी मात्र त्या जुन्या घराण्यांपैकी नव्हत्या. वैधव्य आल्यावर काशीवासासाठी आलेल्या, एका खोलीत राहणाऱ्या, पेन्शनवर गुजराण करणाऱ्या. खोलीत देव्हारा, स्टोव्ह, पाण्याची कळशी आणि खिळ्याला टांगलेली एक कापडी पिशवी. त्या पिशवीत मोबाइल फोन होता. भाच्याने ९९९ रुपये भरून 'लाइफटाइम' योजनेचे सिम घेऊन दिले होते.

मी सहज विचारले, "मावशी, पुण्याला बोलणे होते का?" त्या म्हणाल्या, "अहो, मला कुठे कुणाला फोन करायचाय? फोन वाजला पाहिजे, एवढंच."

पुढील काळात दूरसंचार धोरणाची अनेक कागदपत्रे वाचनात आली. दूरध्वनी घनता, स्पर्धा, महसूल, वर्णपटाचे लिलाव असे सर्व विषय त्यांत सापडतात. परंतु स्वस्त प्रीपेड फोन घेणारा ग्राहक नेमके काय विकत घेतो, हे मावशींइतके नेमके मला कुणी सांगितलेले नाही. तो बोलण्याची मिनिटे विकत घेत नाही; आपल्यापर्यंत कुणाला तरी पोहोचता यावे, याची सोय तो विकत घेतो. या दृष्टीने पाहिले तर प्रीपेड फोनचा इतिहास हा या एका सोयीच्या किमतीचा इतिहास आहे. ती किंमत कधी ग्राहकावर पडली, कधी उतरली आणि पुन्हा कशी चढली, ते पाहू.

हशील कोणी भरायचे?

हा प्रश्न टपालाइतका जुना आहे. १८५४ पूर्वी आपल्याकडे पत्राचे हशील अंतरावर आणि वजनावर ठरत असे आणि बहुधा ते पत्र घेणाऱ्याकडून वसूल होई. १ ऑक्टोबर १८५४ पासून सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात अर्ध्या आण्याचे तिकीट लावले की हलके पत्र कितीही दूर जाऊ लागले. बिनतिकिटाच्या पत्राला मात्र दुप्पट आकार पडे आणि तो घेणाऱ्याला द्यावा लागे. त्यालाच आपण पुढे 'नॉटपेड' आणि हिंदी भाषक 'बैरंग' म्हणू लागले. म्हणजे 'प्रीपेड' ही कल्पना मोबाइलची नव्हे, ती टपाल तिकिटाची आहे. पाठवणाऱ्याने आधी पैसे भरायचे, अंतराचा हिशेब करायचा नाही आणि घेणाऱ्याला दारात पत्र फुकट मिळायचे, ही त्या सुधारणेची तीन अंगे. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि ही सोय गरिबातल्या गरिबापर्यंत गेली.

टेलिफोनने यातले काहीच उचलले नाही. तो बराच काळ श्रीमंतांचे आणि सरकारी कार्यालयांचे साधन राहिला. १९९४ चे राष्ट्रीय दूरसंचार धोरण जाहीर झाले तेव्हा देशात शंभर माणसांमागे जेमतेम ०.८ दूरध्वनी होते, ही कबुली त्या धोरणातच दिली आहे. तोवर बाहेरगावी बोलण्याची सोय म्हणजे पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ. एसटीडीचे दर अंतराच्या टप्प्यांनुसार ठरत आणि वाराणसी ते पुणे हे अंतर हजार किलोमीटरच्या वर म्हणून सर्वांत महाग टप्प्यात मोडे. रात्री अकरानंतर पाव दर लागे, म्हणून लोक जेवणे उरकून बूथसमोर रांग लावीत आणि लाल आकडे पळणाऱ्या मीटरवर डोळा ठेवून बोलत. परगावी राहिलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला तो मीटर आठवत असेल.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातील पहिला मोबाइल फोन केला. त्या वेळी मिनिटाचा दर सोळा रुपयांच्या घरात होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की आलेला फोन घेणाऱ्यालाही पैसे पडत. म्हणजे १८५४ मध्ये निकालात काढलेली 'नॉटपेड' पद्धत आपण १९९५ मध्ये परत आणली. ज्याला केवळ फोन वाजायला हवा आहे, त्याच्यासाठी ही व्यवस्थाच नव्हती.

देशाची दूरसंचार मंडळे पाडताना महाराष्ट्र 'अ' वर्गात, पूर्व उत्तर प्रदेश 'ब' वर्गात आणि बिहार 'क' वर्गात गेले. परवान्यांसाठी कंपन्यांनी भल्यामोठ्या बोली लावल्या आणि मग त्या भरता येईनात. पूर्व उत्तर प्रदेशातील एक परवानाधारक कोशिका टेलिकॉम हिचा परवाना शुल्क थकल्यामुळे अखेर रद्द झाला. १९९९ च्या नव्या धोरणाने ठरावीक शुल्काऐवजी महसुलातील हिस्सा घेण्याची पद्धत आणली, तेव्हा कुठे दर उतरण्याची वाट मोकळी झाली. सरकारने आधीच भरमसाट रक्कम मागितली की ती शेवटी ग्राहकाच्या मिनिटावर चढते, हा धडा प्रशासनाने तेव्हा पैसे मोजून घेतला.

तीन वर्षांतील क्रांती

ऑक्टोबर २००२ मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी लखनौ येथून बीएसएनएलच्या मोबाइल सेवेचा प्रारंभ केला. सरकारी कंपनी मैदानात उतरल्याने पूर्व उत्तर प्रदेशासारख्या दुय्यम समजल्या गेलेल्या मंडळातही खासगी कंपन्यांना दर उतरवावे लागले. मात्र खरी कलाटणी १ मे २००३ रोजी मिळाली. त्या दिवसापासून 'फोन करणारा पैसे देईल' हा नियम लागू झाला आणि येणारे फोन मोफत झाले. टपाल तिकिटाचे तत्त्व टेलिफोनला लागू व्हायला दीडशे वर्षे लागली.

पाठोपाठ १ मार्च २००६ रोजी बीएसएनएल आणि एमटीएनएल यांनी 'वन इंडिया' योजनेत देशभर कोठेही एक रुपया मिनिट हा दर आणला. अंतराचा टप्पा संपला. दुर्गाघाट ते पुणे आणि दुर्गाघाट ते गोदौलिया हे आता जवळपास सारखेच अंतर झाले. त्याच सुमारास दहा रुपयांचे छोटे रिचार्ज गल्लीगल्लीत मिळू लागले. काशीच्या पानाच्या टपरीवर, किराणा दुकानात, फुलवाल्याकडे खरवडायची कार्डे टांगलेली असत. आणि २००५ च्या अखेरीस 'लाइफटाइम' योजना आल्या. एकदाच हजारभर रुपये भरा, मग येणारे फोन जन्मभर चालू.

जन्मभर म्हणजे कुणाच्या जन्मभर? दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, मार्च २००६ मध्ये याचे उत्तर दिले. कंपनीला चालू किंवा नूतनीकरण केलेल्या परवान्यान्वये सेवा देण्याची मुभा आहे तोवर ही योजना ग्राहकाला मिळत राहिली पाहिजे. म्हणजे आयुष्य परवान्याचे मोजायचे, ग्राहकाचे नव्हे. काशीवासासाठी आलेल्या वृद्धेला 'आजीवन' या शब्दाचा हा कायदेशीर अर्थ कोण सांगणार?

तरीही तो काळ छोट्या ग्राहकासाठी सोन्याचा होता, असे मी म्हणेन. मावशींच्या घरी संकेत ठरलेले होते. भाच्याने एक घंटी वाजवून फोन ठेवला की सर्व ठीक. मावशींनी दोन घंट्या दिल्या की भाच्याने उलट फोन करायचा. यात कंपनीला एक पैसाही मिळत नसे. इंग्लंडमध्ये रोलंड हिल यांनी १८४० मध्ये पेनी पोस्ट सुरू करण्यापूर्वीची एक गोष्ट सांगतात. एक मुलगी पत्रावरची खूण पाहून घेई आणि पैसे न देता पत्र परत करी, कारण खुणेतच निरोप आलेला असे. आपला 'मिस्ड कॉल' हा त्या मुलीचाच वारस म्हणावा लागेल. लबाडी म्हणून त्याकडे पाहू नये. हशील आपल्या ऐपतीबाहेर आहे, असे ग्राहक या मार्गाने सांगत असतो.

कर्मनाशेच्या पलीकडे

काशीहून ग्रँड ट्रंक रस्त्याने पूर्वेला निघाले की मुघलसराय मागे पडते आणि पुढे कर्मनाशा नदी लागते. तिच्या पाण्याचा स्पर्श झाला तरी साठवलेले पुण्य नष्ट होते, अशी जुनी समजूत. येथेच उत्तर प्रदेश संपून बिहार सुरू होतो, आणि दूरसंचार खात्याचे पूर्व उत्तर प्रदेश मंडळही येथेच संपत असे. पुण्याचे मला ठाऊक नाही, परंतु फोनमधील शिल्लक मात्र कर्मनाशा ओलांडताच नष्ट होऊ लागे. पलीकडे 'रोमिंग' सुरू होई आणि येणाऱ्या फोनलाही पैसे पडत.

आपल्याकडची त्रिस्थळी यात्रा म्हणजे प्रयाग, काशी आणि गया. यांपैकी पहिली दोन पूर्व उत्तर प्रदेशात, तिसरे बिहारात. महाराष्ट्रातून आलेला यात्रेकरू तर आपले मंडळ सोडल्यापासूनच रोमिंगवर असे. गयेला पिंडदान चालू असताना घरून खुशालीचा फोन यावा आणि त्या फोननेच शिल्लक संपावी, असा अनुभव अनेकांनी घेतला आहे. मंडळांच्या या सीमा परवाने वाटण्यासाठी कागदावर आखलेल्या होत्या. यात्रेच्या वाटा किंवा मजुरांच्या वाटा त्या आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नव्हत्या. २०१३ आणि २०१५ मध्ये ट्रायने रोमिंगचे दर खाली आणले. पुढे २०१६-१७ मध्ये स्पर्धेच्या रेट्यामुळे देशांतर्गत रोमिंगचा आकार संपलाच.

बिल नसलेला ग्राहक

आता प्रशासनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग. देशातील दहापैकी नऊ मोबाइल ग्राहक प्रीपेड आहेत. पैसे आधी देतो म्हणून कंपनीला त्याची चिंता नाही. बिल नाही म्हणून त्याच्या हातात पुरावा नाही. महसूल खात्यात आम्हाला शिकवले जाई, की शेतकऱ्याने पैसे भरले आणि पावती घेतली नाही तर त्याने पैसे भरलेच नाहीत असे समजले जाईल. प्रीपेड ग्राहकाची अवस्था कायम अशीच होती.

मावशींच्या पिशवीतही हेच घडले. दहा रुपये भरले आणि दोन दिवसांत ते गेले. फोन तर केलाच नव्हता. चौकशी केल्यावर कळले, की कुठलेसे बटण दाबले गेले आणि गाण्याची 'कॉलर ट्यून' सुरू झाली. तिचे महिन्याचे पैसे कंपनी कापून घेत होती. फोन करणाऱ्याला गाणे ऐकू येई, मावशींना ते कधीच ऐकू आले नाही. दुकानदार म्हणाला, "माताजी, आपने ही चालू किया होगा।" यावर मावशी काय बोलणार?

अशा तक्रारी देशभरातून लाखांनी येत होत्या आणि नियम हळूहळू आकाराला आले. जानेवारी २०१२ च्या ग्राहक संरक्षण विनियमांनी प्रीपेड ग्राहकाला पहिल्यांदा काही कागद हातात दिला. रिचार्ज तीनच प्रकारचे असतील आणि कार्डावर रंगाचा पट्टा असेल: योजनेसाठी लाल, टॉप-अपसाठी हिरवा, खास सवलतीसाठी पिवळा. अक्षर न ओळखणाऱ्यालाही रंग ओळखता येतो, हा विचार मला फार आवडला होता. प्रत्येक फोननंतर किती वेळ बोलणे झाले, किती पैसे कापले आणि किती उरले, हे पडद्यावर दाखवणे बंधनकारक झाले. टॉप-अपवर प्रक्रिया शुल्क दहा टक्के किंवा तीन रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढेच. जुलै २०१३ पासून कोणतीही जादा सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दोनदा संमती घेणे सक्तीचे झाले. त्याच वर्षी असाही नियम झाला, की नव्वद दिवस वापर नसल्याखेरीज नंबर बंद करता येणार नाही आणि खात्यात वीस रुपये असतील तर त्यानंतरही नाही.

तरी या नियमांतही एक विसंगती राहिली. प्रीपेड ग्राहकाला मागील वापराचा तपशीलवार हिशेब मागण्याचा हक्क मिळाला, पण त्यासाठी पन्नास रुपयांपर्यंत शुल्क आकारण्याची मुभा कंपनीला दिली गेली. दहा रुपये कुठे गेले हे विचारायला पन्नास रुपये!

दाद मागण्याची वाटही सोपी नव्हती. १९९७ च्या कायद्याने ट्रायची रचना नियम करण्यासाठी झाली, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवण्यासाठी नव्हे. ग्राहक मंचाकडे जावे तर सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. कृष्णन प्रकरणात निकाल दिला, की १८८५ च्या तार कायद्याच्या कलम ७-ब मध्ये लवादाची तरतूद असल्याने अशा वादांत ग्राहक मंचाला अधिकार नाही. तारेच्या खांबांसाठी केलेला कायदा मोबाइलधारकाच्या आड आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्रिसदस्यीय खंडपीठाने व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अग्रवाल या प्रकरणात ही वाट पुन्हा खुली केली. मधल्या बारा-तेरा वर्षांत लहान ग्राहकाला कंपनीच्याच तक्रार कक्षावर भिस्त ठेवावी लागली.

अठ्ठावीस दिवसांचा महिना

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि दरयुद्ध पेटले. इंटरनेट वापरणाऱ्यांची चंगळ झाली. ज्याला फक्त फोन वाजायला हवा होता, त्याची मात्र पाळी फिरली. कंपन्यांना आता असा ग्राहक परवडेना. २०१८ च्या अखेरीस मोठ्या खासगी कंपन्यांनी ठरवले, की दर अठ्ठावीस दिवसांनी किमान ३५ रुपयांच्या आसपास रिचार्ज केले नाही तर आधी जाणारे आणि मग येणारे फोनही बंद. खात्यात शिल्लक असलेल्यांची सेवा तडकाफडकी तोडू नका, नीट पूर्वसूचना द्या, असे ट्रायने बजावले. परंतु दर ठरवण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांकडेच असल्याने किमान रिचार्जची पद्धत टिकली. 'आजीवन' योजना निकालात निघाल्या.

मावशींचा फोन त्या हिवाळ्यात मुका झाला. संदेश आले असतील, पण ते वाचणार कोण? भाच्याला वाटले मावशी आजारी आहेत; मावशींना वाटले भाचा विसरला. पाच दिवसांनी शेजारच्या मुलाने त्याच्या फोनवरून पुण्याला कळवले.

अठ्ठावीस दिवसांचा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. वर्षाचे ३६५ दिवस, म्हणजे महिने बारा आणि रिचार्ज तेरा. तक्रारी आल्यावर जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीला तीस दिवसांची आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारी अशी एकेक तरी योजना ठेवायला लावले. दर मात्र चढतच गेले. जुलै २०२४ मध्ये दोन मोठ्या खासगी कंपन्यांचा अठ्ठावीस दिवसांचा नेहमीचा मूळ रिचार्ज १९९ रुपयांवर गेला. तेरा वेळा भरले तर वर्षाला २,५८७ रुपये होतात. त्यात इंटरनेट आहे, पण साधा फोन वापरणाऱ्याला त्याचा उपयोग काय?

२३ डिसेंबर २०२४ रोजी ट्रायने नियम बदलला. सुमारे पंधरा कोटी ग्राहक अजून साध्या फोनवर आहेत हे मान्य करून, केवळ बोलणे आणि लघुसंदेश यांसाठी स्वतंत्र रिचार्ज ठेवणे बंधनकारक केले आणि खास रिचार्जची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. रंगांचे पट्टे रद्द झाले, कारण खरवडायची कार्डेच उरली नव्हती. २०२५ च्या आरंभी एअरटेलचे असे रिचार्ज ८४ दिवसांना ४६९ रुपये आणि वर्षाला १,८४९ रुपये असे आले. दहा रुपयांचा टॉप-अप नियमात कायम आहे. अठरा टक्के वस्तू व सेवा कर आणि एक रुपया प्रक्रिया शुल्क वजा जाता त्यातून ७ रुपये ४७ पैसे हाती पडतात. पण तेवढ्याने फोन चालू राहत नाही.

शासनाची जबाबदारी

हा बाजाराचा प्रश्न आहे, शासनाचा त्याच्याशी काय संबंध, असे काही वाचक विचारतील. संबंध आहे, आणि तो शासनानेच निर्माण केला आहे. बँक खाते, गॅसची नोंदणी, आधार, निवृत्तिवेतन या सर्वांना आपण मोबाइल क्रमांक जोडायला लावला. सांकेतिक क्रमांक त्या फोनवर येतो, तो सांगितल्याखेरीज काम होत नाही. म्हणजे चालू मोबाइल हा आता शासकीय सेवेचा दरवाजा आहे, आणि त्याचे किमान रिचार्ज ही त्या सेवेची अप्रत्यक्ष फी आहे. ही फी कोणत्याही विधिमंडळाने मंजूर केलेली नाही.

१८५४ मध्ये टपाल खात्याला तोटा सहन करूनही अर्धा आणा ठेवावासा वाटला, कारण पत्र पोहोचणे हे राज्यकारभाराचेच काम आहे असे मानले गेले. तसाच एक साधा नियम आज करता येईल. ज्या क्रमांकाला निवृत्तिवेतन किंवा शासकीय लाभ जोडलेला आहे, त्याचे येणारे फोन आणि येणारे संदेश अल्प वार्षिक शुल्कात चालू ठेवणे बंधनकारक करावे आणि त्याचा भार सार्वत्रिक सेवेसाठी उभारलेल्या निधीतून उचलावा. यासाठी नवे खाते नको, नवी योजना नको.

मावशी आता नाहीत. त्यांच्या अखेरच्या दोन वर्षांत भाचा पुण्याहून दर अठ्ठावीस दिवसांनी रिचार्ज करीत असे आणि लगेच एक घंटी वाजवून फोन चालू असल्याची खात्री करून घेई. दूरदेशी असलेल्या वाचकांपैकी ज्यांचे आईवडील किंवा कुणी वडीलधारे मागे एकटे आहेत, त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की त्यांच्या रिचार्जची मुदत कोणत्या तारखेला संपते ते आजच विचारून लिहून ठेवावे. आणि एखादी घंटीही अधूनमधून वाजवावी.